लाल पट्टीसमोर

मे महिन्यात धरणगावात दुपारी एक ते चार कोणी कोणाच्या दारात जात नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, बाजारातली शटरं अर्धी खाली आलेली, कूलरमध्ये नुकतंच पाणी ओतलेलं. घरातल्या कॉम्प्युटरकडे निवांत पाहायला याहून बरी वेळ नाही. ‘धिस पीसी’ उघडा. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली दिसेल. दिसू द्या. माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवा.

अजून काहीही डिलीट करायचं नाही. जागा भरली असं कळलं की हात पहिल्यांदा लग्नाच्या फोटोंकडे जातो. त्यांनीच जागा खाल्ली असं ठरवायला आपल्याकडे पुरावा नसतो, ते फक्त डोळ्यासमोर असतात. ही घाई मनात उठताना पाहा. एक सावकाश श्वास घ्या, सोडा. डिस्क कुठे पळून जात नाही.

आता नुसत्या रंगाकडे पाहा. मोकळी जागा एकूण जागेच्या दहा टक्क्यांखाली गेली की विंडोज ही पट्टी लाल करतं. रंगाला एवढंच ठाऊक असतं. ४ टीबीच्या डिस्कवर साडेतीनशे जीबी मोकळे असले तरी पट्टी लाल, आणि १२० जीबीच्या जुन्या डिस्कवर जेमतेम पंधरा उरले असले तरी निळी. लाल पाहून छातीत जे धस्स होतं, ते टक्केवारीमुळे. तुमच्या कामाला किती जागा लागणार आहे, हे त्या रंगाला कोणी सांगितलेलंच नाही.

रंग बाजूला ठेवा आणि एकूण आकडा वाचा. खोक्यावर २५६ जीबी छापलं होतं, पडद्यावर २३८ दिसतात. १ टीबीची डिस्क घेतलीत तर ९३१. दुकानदारावर संशय घेण्याआधी हिशोब मनातल्या मनात करा, उन्हं उतरायला वेळ आहे. डिस्क बनवणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतो. विंडोज १०२४ ला १०२४ ने गुणतं, पुन्हा १०२४ ने गुणतं, आणि १,०७,३७,४१,८२४ बाइट झाल्यावर एक जीबी म्हणतं. बाइट तेवढेच, माप मोठं, म्हणून आकडा लहान. या मोठ्या मापाला आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगानं १९९८ मध्ये ‘गिबीबाइट’ असं वेगळं नाव दिलं. विंडोजनं ते घेतलं नाही, जुनीच पाटी ठेवली. ॲपलनं २००९ च्या ‘स्नो लेपर्ड’पासून खोक्यावरचंच माप धरलं. त्यामुळे पुण्याहून सुटीला आलेल्या मुलाच्या मॅकवर जी डिस्क पूर्ण १ टीबी भरते, तीच वडिलांच्या कॉम्प्युटरला लावली की एकोणसत्तर जीबीनं रोडावते. बापलेकांनी यावर वाद घालावा असं त्यात काही नाही.

धरणगावच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. शेतकरी कापूस विकतो क्विंटलवर, म्हणजे शंभर किलोवर. तोच कापूस जिनिंगमधून निघाला, सरकी वेगळी झाली, की रुईचा भाव बोलला जातो खंडीवर, आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. क्विंटलचा भाव ऐकून कोणी खंडीच्या भावाला खोटा म्हणत नाही, कारण कोणतं माप चाललंय ते दोघांनाही ठाऊक असतं. पडद्यावर मात्र दोन्ही मापांना एकच नाव. मला विचाराल तर इथे चूक विंडोजची आहे, गणिताची नाही. मात्र या फरकात तुमची रेघभरही जागा गेलेली नाही. जे हरवलेलंच नाही त्याचा शोध इथे थांबवा.

आता एक लहानसं काम, सावकाश. नोटपॅड उघडा आणि फक्त ‘बालकवी’ एवढंच लिहा. त्र्यंबक बापूजी ठोमरे १३ ऑगस्ट १८९० ला याच गावात जन्मले, तेव्हा त्यांचं नाव इथे लिहायला हरकत नसावी. फाइल सी ड्राइव्हवर सेव्ह करा, तिच्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहा. ‘साइझ’ १८ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या आजच्या रूढ पद्धतीत तीन बाइट घेतं. ब, काना, ल, क, व, दीर्घ वेलांटी, अशी सहा चिन्हं झाली अठरा. त्याच्या खालची ओळ वाचा, ‘साइझ ऑन डिस्क’. तिथे बहुधा शून्य दिसेल. लिहिलेलं नाव शून्य जागेत कसं मावलं? डिस्कवर फाइलींची एक नोंदवही असते, आणि इतकी चिमुकली फाइल त्या नोंदवहीतल्या आपल्या ओळीतच मावते. वेगळी जागा तिला मिळतच नाही.

तीच फाइल ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका आणि पुन्हा पाहा. पेनड्राइव्ह विंडोजच्या नेहमीच्या ‘एक्सएफॅट’ मांडणीत असेल तर आता १,३१,०७२ बाइट. त्या मांडणीत जागेचे तुकडे १२८ केबीचे पाडलेले असतात, आणि अर्धा तुकडा कोणाला मिळत नाही. अठरा बाइटलाही अख्खा तुकडा. अशा फाइली टाकत राहिलात तर पाच लाख होण्याआधीच पेनड्राइव्ह भरेल, आणि तिच्यातला सगळा मजकूर एकत्र केला तर नऊ एमबीसुद्धा होणार नाही. मोबाइलचे फोटो चार-चार एमबीचे, त्यांच्या बाबतीत हा फरक विसरण्याजोगा. पण व्हॉट्सॲपच्या स्टिकरांचा वर्षानुवर्षांचा फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर ओतला की हाच फरक जीबींत मोजावा लागतो.

या दोन ओळींपाशी थोडं रेंगाळा. ‘साइझ’ म्हणजे फाइलीत काय आहे ते, ‘साइझ ऑन डिस्क’ म्हणजे तिच्यासाठी किती जागा अडली ते. आपण वाचतो पहिली ओळ आणि काळजी असते दुसरीची. वनड्राइव्हवर ठेवलेले आणि नुसतं ढगाचं चिन्ह असलेले फोटो पाहा. पहिल्या ओळीत चाळीस जीबी, दुसरीत जवळपास काहीच नाही. ते डिलीट केले तर डिस्कवर मूठभरही जागा होणार नाही, आणि ढगातले फोटो तेवढे जातील.

पेनड्राइव्ह हातात आहेच, तर तिच्याकडेही पाहून घेऊ. ती फोटो स्टुडिओतून फिरून आलेली असते, सीएससी सेंटरवर लागलेली असते, निम्म्या वेळा ‘इजेक्ट’ न करता उपटलेली असते. लिहिणं चालू असताना ती ओढली किंवा वीज गेली, की काही तुकडे अर्धवट राहतात. अडलेले म्हणून त्यांची नोंद होते, पण ते कोणत्या फाइलीचे हे लिहायचं राहून जातं. फाइली मोजल्या तर सापडत नाहीत, जागा मोजली तर कमी भरते. ‘फॅट३२’ मांडणीत तर मोकळ्या जागेचा आकडा एका कोपऱ्यात लिहूनच ठेवलेला असतो, आणि कॉम्प्युटर दर वेळी नव्यानं न मोजता तोच वाचून दाखवतो. तो शिळा असला तर उत्तरही शिळं. प्रॉपर्टीजमधल्या ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘चेक’ करा, किंवा ‘चेकडिस्क’ चालवा. मोजणी ताजी होईल, आणि त्या बेवारस तुकड्यांचा ‘फाउंड.०००’ नावाचा छुपा फोल्डर तयार होऊ शकतो. तो उघडून पाहिल्याशिवाय टाकू नका. आत एखाद्या बारशाचा अर्धा व्हिडिओ असू शकतो.

स्टुडिओत मॅक असेल तर आणखी एक गंमत. तिथे पेनड्राइव्हवरचं काही डिलीट केलं की ते पेनड्राइव्हवरच एका छुप्या कचरापेटीत जाऊन बसतं. मॅकवर ती पेटी रिकामी केली नाही, तर तुमच्या घरी पेनड्राइव्ह कोरी दिसते आणि भरलेलीही. ‘व्ह्यू’मध्ये छुप्या गोष्टी दाखवायला सांगा, म्हणजे दिसेल.

आणि ती २ टीबीची पेनड्राइव्ह, जी कोणीतरी ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मागवली? तिच्याविषयी फार चिंतन नको. तिच्यातल्या चिपला २ टीबी सांगायला शिकवलेलं आहे, पोटात जागा असते ३२ किंवा ६४ जीबी. तेवढं भरेपर्यंत सगळं ठीक चालतं, पुढचं लिहिलेलं कुठेच राहत नाही किंवा आधीच्यावर बसतं. नावं दिसतात, फोटो उघडत नाहीत. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाचा मोफत प्रोग्रॅम अशी पेनड्राइव्ह काठोकाठ भरून सगळं परत वाचतो. खरी जागा कळायला दुसरा भरवशाचा उपाय नाही. या सगळ्या यादीत खरोखर लबाड आकडा हा एवढाच.

पाणी प्या. खांदे सैल करा. आता सी ड्राइव्हकडे.

समजा २३८ पैकी २२९ जीबी भरले म्हणून दिसतात. ड्राइव्ह उघडून सगळे फोल्डर एकत्र निवडून प्रॉपर्टीज पाहिल्या, तर बेरीज येते दीडशे. एकोणऐंशी जीबी कुठे आहेत? ते कुणी खाल्ले असं न विचारता, या बेरजेनं काय मोजलं असेल ते आठवून पाहा. तिनं तुम्हाला दिसणारंच मोजलं आहे. रॅममधलं न मावणारं ठेवायची ‘पेजफाइल’ छुपी असते. ‘हायबरनेट’ची फाइलही छुपी, साधारण रॅमच्या चाळीस टक्के, म्हणजे ८ जीबी रॅमला तीन जीबीच्या वर. ती बंद करून जागा सोडवा असा सल्ला सर्रास मिळतो. ज्या घरात लोडशेडिंग आहे आणि इन्व्हर्टर दमलेला आहे, तिथे मी तो देणार नाही. वीज जाण्याआधी उघडं काम डिस्कवर ठेवून झोपणं ही तीन जीबीची चैन परवडते. ‘सिस्टम रिस्टोर’च्या जुन्या प्रती असतात त्या फोल्डरमध्ये तर तुम्हाला प्रवेशच नाही. विंडोजची मोठी आवृत्ती नुकतीच बदलली असेल तर ‘विंडोज.ओल्ड’ पंधरा-वीस जीबी घेऊन बसलेला असतो. दहा दिवसांनी तो आपला आपण जातो. घाई असेल तर ‘डिस्क क्लीनअप’ करेल, हातानं नको.

उलटंही होतं. ‘विनएसएक्सएस’ नावाचा फोल्डर मोजला तर भीती वाटेल इतका मोठा भरतो. त्यातल्या पुष्कळ फाइली तिथे आणि ‘सिस्टम३२’मध्ये, दोन्हीकडे दिसतात, पण डिस्कवर एकदाच असतात. एकच फाइल, दोन नावं, आणि बेरीज करणारा दोन्ही नावं मोजतो. त्याला हात लावू नका.

घरात लिनक्स असेल तर ‘एक्सटी४’ मांडणी पाच टक्के जागा मूळ प्रशासकासाठी राखून ठेवते. १ टीबीवर ते होतात पन्नास जीबी, आणि तुम्हाला ते मोकळे म्हणून दाखवले जात नाहीत. शिवाय तिथे एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसला असेल, तर ती डिलीट केली तरी तो बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. यादीत नाव नाही, जागा मात्र अडलेली. रीस्टार्ट केलं की मोकळी.

परत विंडोजकडे या. हे सगळं जमेस धरून पंधरा-वीस जीबींचा पत्ता लागला असेल. अजून साठेक बाकी आहेत, आणि जीव पुन्हा घाईला येईल. येऊ द्या. ‘विनडिरस्टॅट’ किंवा ‘ट्रीसाइझ’ उघडा, पण नुसतं डबल क्लिक करून नाही. राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. बहुतेक लोक इथेच चुकतात. साध्या परवानगीनं चालवलं तर हा प्रोग्रॅमही बंद दारांमागचं मोजू शकत नाही आणि बऱ्याच वेळा तसं सांगतही नाही. मोजणी संपेपर्यंत पडद्यावरचे रंगीत चौकोन भरताना पाहत राहा.

‘यूझर्स’ फोल्डर उघडला की तुमच्या नावाशेजारी दुसरं एक नाव दिसेल. मुलगा बारावीला असताना त्यानं स्वतःचं खातं वेगळं केलं होतं, मग तो पुण्याला गेला आणि ते खातं कोणी उघडलंच नाही. तुमच्या खात्यातून मोजताना त्याचं दार बंद होतं, म्हणून त्याच्या नावापुढे जवळपास शून्य येत होतं. आता तिथे अठ्ठावन्न जीबी दिसतात. गॅदरिंगचे व्हिडिओ असतील, कुठला तरी गेम असेल, क्लासची लेक्चरं असतील. नावांवरून सगळं कळत नाही. त्यातलं काय टाकायचं ते तुम्ही ठरवायचं नाही. सातनंतर तो ऑफिसातून सुटतो, तेव्हा फोन लावा.