जीप कोणती, गंज कोणता?

बेलापूरच्या एखाद्या अंगणात जुनी जीप उभी आहे असे समजा. फ्लोअरचा पत्रा चाळणी झालेला, नटांना डिझेल पाजून रात्रभर ठेवले तरी पाना घसरतोच. लोखंड, पाणी, हवा एवढ्यावर गंजाचे भागते, आणि प्रवराकाठी पाण्याला तोटा नाही. वायर ब्रश, रेड ऑक्साइड, लांबी. मग पत्रा बदलला, इंजिन बदलले, टपही. आता ही जीप तीच का?

नागसेन भिक्खूने हाच पेच मिलिंद राजापुढे टाकला होता: आस म्हणजे रथ का? चाके? जू? यातले एकही रथ नव्हे; भाग जुळले की ‘रथ’ हे नाव पडते, इतकेच. ‘मिलिंदपञ्ह’मधल्या या उत्तरावर आत्मवादी गप्प बसणारे नव्हते. गीतेचा दुसरा अध्याय देहाला जुने वस्त्र म्हणतो; वस्त्र बदलणारा कायम. त्या गीतेवर ज्ञानदेवांनी १२९०मध्ये याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशात, भाष्य केले.

इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज आणखी खोडकर. जहाजाच्या काढलेल्या फळ्या जुळवून कोणी दुसरे जहाज उभारले, तर खरे कोणते? आपल्याकडे हा प्रश्न भंगारवाला उठवू शकतो.

जीप बनवणाऱ्या कंपनीचेही तसेच: १९४५ची ‘महिंद्र अँड महंमद’ १९४८मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली.

श्रीरामपूरचे आरटीओ, म्हणजे एमएच-१७, मात्र संभ्रमात पडत नाही. चेसिसवर कोरलेला क्रमांक कागदाशी जुळला की गाडी तीच. नागसेनाला हे पटले नसते, पण मालक आधी तोच क्रमांक घासून स्वच्छ करतो, हलक्या हाताने.