आजचा श्लोक : गीता ३.१२ आणि सगळ्यांचं एक कॉफी कार्ड

देवांनी दिलेलं, त्यांना काही परत न देता जो भोगतो, तो चोरच. आजच्या श्लोकात भगवान इतकं सरळ बोलतात. शब्द ‘स्तेन’ आहे, त्याला सौम्य अर्थ नाही.

हा श्लोक वाचताना मला नेहमी जोनाथन स्टार्कचं कार्ड आठवतं. २०११ च्या उन्हाळ्यात या अमेरिकन प्रोग्रामरने आपल्या स्टारबक्सच्या प्रीपेड कार्डाचा बारकोड इंटरनेटवर टाकला. कुणीही तो फोनवर घ्यावा, काउंटरवर दाखवावा, कॉफी प्यावी. वाटलं तर कार्डात पैसे भरावेत. शिल्लक किती ते ट्विटरवर सगळ्यांना दिसायचं. कोणी घेतले, कोणी भरले, ते नाही. आणि चक्क चाललं की! अनोळखी लोकांनी हजारो डॉलर भरले.

मग ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका प्रोग्रामरने शिल्लकेवर नजर ठेवणारी स्क्रिप्ट लिहिली आणि सहाशेहून जास्त डॉलर स्वतःच्या कार्डांवर वळवले. (आपल्यापैकी कुणालाही अर्ध्या तासात जमेल असं काम, त्यात हुशारी काही नाही.) लपवलंही नाही, स्वतःच जाहीर केलं. म्हणणं असं, की खात्यापित्या लोकांनी खात्यापित्यांना कॉफी पाजण्यात कसलं दान? त्यापेक्षा हे पैसे गरीब मुलांसाठी देऊ. लवकरच स्टारबक्सने कार्ड बंद केलं.

आता श्लोक लावून बघा. भोगलं कुणी? फुकट कॉफी प्यायलेल्याने. या माणसाने तर कपभरही स्वतःसाठी ठेवायचं नाही म्हटलं. म्हणजे अक्षरशः वाचलं तर स्तेन कॉफी पिणारा, आणि हा सुटला! शिवाय सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी पात्र बघायला सांगितलंय, तोही मुद्दा त्याच्याच बाजूने.

माझे दोन मित्र अजून त्याचीच बाजू घेतात. मला पटत नाही. पात्र कोण हे देणाऱ्याने ठरवायचं असतं. अन्नछत्रात कुणी तीनदा पंगतीला बसला तरी आपण काही बोलत नाही. पण कुणी भाताचं पातेलंच उचलून बाहेर विकलं आणि पैसे अनाथाश्रमाला दिले, तर? आश्रमाचं भलं झालं, मान्य. पण दिलं कुणी? त्याने नाही. ज्यांनी दिलं, त्यांना विचारलंच नाही.

आणि चारच श्लोक पुढे, ३.१६ मध्ये, चक्राची गोष्ट येते. आज फुकट प्यायलेला उद्या भरेल, किंवा दुसरीकडे कुणाला पाजेल. आजच फेडायची सक्ती स्टार्कने केली नव्हती. कॉफी पिणाऱ्याने चक्रातून एक घोट घेतला. स्क्रिप्टने चक्रच थांबवलं.

एक टोचतंच, तरी. त्या मुलांची भूक खरी होती, आणि कार्डात पैसे भरणाऱ्यांना ती कदाचित आठवलीही नसेल. याचं उत्तर ३.१२ मध्ये मला सापडत नाही. उद्या ३.१३, फक्त स्वतःसाठी शिजवणाऱ्यांबद्दल. तिथे शोधू.

जय हरी.