कातळातलं टाकं

मळवली स्टेशनावर उतरून एक्स्प्रेस-वे ओलांडला की भाजे गाव लागतं. गावाच्या वर भाजे लेणी, पाठीशी विसापूर आणि लोहगड. या गावात दोन चुलतभाऊ राहत. दोघांची पाचवी एकाच वर्गात झाली होती, पण स्वभाव दोन टोकांचे.

मे महिन्याची सुट्टी लागली. थोरल्याने शेजारच्या ताईकडून सहावीचं भूगोलाचं पुस्तक आणलं आणि ओटीवर बसून पाठ करून टाकलं. धाकट्याचा पाय घरात ठरत नव्हता. सकाळी गुरांमागे गायमुख खिंडीत, दुपारी करवंदांच्या जाळीत, एखाद्या दिवशी थेट लोहगडावर, विंचूकाट्याच्या टोकापर्यंत. थोरला त्याला उनाड म्हणे, धाकटा थोरल्याला पुस्तकी किडा. आजी दोघांनाही रागवे, पण ऐकतो कोण?

जूनमध्ये शाळा भरली. पाऊस अजून यायचा होता. गुरुजींनी विचारलं, "आपला धबधबा उन्हाळ्यात कोरडा पडतो, विहिरी तळाला जातात. मग वर लेण्यातल्या टाक्यात पाणी कसं राहतं?"

धाकटा उठला. "गुरुजी, पाणी असतंय. मी वैशाखात बघितलंय. हात घातला की गारगार लागतंय."

"पण राहतं कसं?"

धाकटा गप्प झाला. थोरला उठला आणि धडाधड बोलू लागला, "सह्याद्री बेसॉल्ट खडकाचा आहे. तो लाव्हारसापासून बनला. अखंड खडकातून पाणी सहसा झिरपत नाही."

"शाबास. हा बेसॉल्ट कुठे पाहिलास?"

थोरला म्हणाला, "पुस्तकातल्या चित्रात."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "एकाने पाहिलं, पण का ते विचारलं नाही. दुसऱ्याला का ते ठाऊक आहे, पण त्याने पाहिलं नाही. रविवारी दोघे माझ्याबरोबर चला."

रविवारी तिघे पायऱ्या चढून लेण्यांत गेले. गुरुजींनी चैत्यगृहाचं छत दाखवलं. दोन हजार वर्षांहून जुन्या लाकडी कमानी आजही तिथे आहेत. मग तिघे टाक्यापाशी आले. महारथी कौशिकीपुत्र विण्हुदत्त याने इथे पाण्याचं टाकं दान दिल्याचा ब्राह्मी लेख असल्याचं गुरुजींनी सांगितलं. त्या काळी असं दान मोठ्या पुण्याचं मानत.

धाकटा सवयीने कातळावर पालथा पडून आत डोकावला. "तोंड बारकं आहे, पण आत टाकं लांबवर गेलंय."

थोरला चटकन म्हणाला, "म्हणूनच! ऊन आत पोचत नाही, पाण्याची वाफ कमी होते." त्याने कातळावर तळहात टेकवला. छिन्नीचे घाव बोटांना लागले. ज्या खडकाची व्याख्या त्याने घोकली होती, तो हा, त्याच्या घरामागचाच.

"आणि पाणी आत येतं कुठून?" त्याने विचारलं.

धाकट्याने वर बोट दाखवलं. डोंगराच्या अंगावर ओघळांचे काळे पट्टे उतरले होते. "पावसात तिथनं धार लागते. मी दर साली बघतो."

पाठ केलेलं आणि पाहिलेलं एकत्र आलं, तेव्हा कुठे उत्तर पुरं झालं.

उतरताना थोरला म्हणाला, "आपल्या शाळेच्या पत्र्यावरचं पाणी उगीच वाहून जातं." धाकटा म्हणाला, "कुठल्या कोपऱ्यातनं जास्त पडतं ते मला ठाऊक आहे." दोघांनी गुरुजींच्या मदतीने त्या कोपऱ्याखाली पन्हळ बांधली आणि तिच्या तोंडाशी झाकणाचं पिंप ठेवलं. पहिल्याच मोठ्या पावसात पिंप काठोकाठ भरलं. शाळेच्या बागेला आणि हातपाय धुवायला पाणी झालं.

पुढच्या सुट्टीत थोरला डोंगरावर जाऊ लागला आणि धाकट्याच्या पिशवीत करवंदांशेजारी पुस्तक दिसू लागलं.

तात्पर्य : डोळे उघडे ठेवून हिंडावं आणि हिंडताना जे दिसलं त्याचं कारण पुस्तकात शोधावं. नुसतं पाहिलेलं अपुरं, नुसतं घोकलेलंही अपुरं. दोन्ही जोडली की ज्ञान कामाला येतं.