टाकलेल्याचा धनी

मराठीतील 'टाकणे' या क्रियापदाला कर्ता लागतो आणि कर्मही लागते. टाकलेली वस्तू कोठे जाऊन पडली हे सांगण्याची सक्ती मात्र व्याकरण करीत नाही. भाजीची देठे, केळीची साल, चहाचा चोथा 'टाकला' एवढे म्हटले की वाक्य पुरे होते. वस्तूवरील स्वामित्वाबरोबर तिच्याविषयीची जबाबदारीही या एका क्रियापदाने संपते काय, हा प्रश्न घरच्या कचऱ्याचे घरीच खत करू पाहणाऱ्यापुढे, त्याला जाणवो वा न जाणवो, उभा असतो.

घरामागे उकिरडा होता तोवर तो फारसा पडला नाही. उकिरड्याची निंदा म्हणींनी पुष्कळ केली, पण तो कोणाचा हे गावाला ठाऊक असे आणि पावसाळ्यापूर्वी त्यातले खत त्याच घराच्या शेतात जाई. शहराने उकिरडा पुसला आणि 'बाहेर' नावाची एक जागा कल्पिली. पुण्याचे हे 'बाहेर' अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत होते. तेथील विहिरींचे पाणी बिघडले, ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, तेव्हा बाहेरही माणसे राहतात हे शहराच्या ध्यानी आले.

वास्तविक कचऱ्यापासून खत करण्याची एक शास्त्रशुद्ध रीत याच देशात, होळकरांच्या इंदूरमध्ये सिद्ध झाली. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ती १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली. रीतीला नाव शहराचे मिळाले. कीर्ती हॉवर्डच्या वाट्याला आली आणि वाडांचे नाव मराठी वाचकालाही अपरिचितच राहिले. रीतीचे मर्म साधे आहे. ओल्या, हिरव्या पदार्थांत नत्र अधिक, वाळक्या पानांत कर्ब अधिक. नत्राच्या सुमारे ३० पट कर्ब असा मेळ बसला, ओलावा टिकला आणि ढीग अधूनमधून वरखाली होत राहिला, की सूक्ष्मजीव कामाला लागतात. ढिगाचे पोट ५०-६० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि काही महिन्यांत त्याला मातीचा वास येऊ लागतो. दुर्गंधी सुटते ती बहुधा हवेवाचून कोंडलेल्या ढिगाला.

येथवर शास्त्र झाले. नीतीचा प्रश्न ढीग वरखाली करणाऱ्या हातापाशी सुरू होतो. घाण करणारा एक आणि ती जन्माने उचलणारा दुसरा, अशी वाटणी भारतीय समाजाने शतकानुशतके पाळली. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम आपणहून मागितले, आणि ते त्यांना नाकारण्यात आले. झाडू हाती मिळावा म्हणून एका ब्राह्मण कैद्याला झगडावे लागले आणि त्याच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींना उपवास आरंभावा लागला! पुढे कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचे सोनखत करण्याचे प्रयोग याच पटवर्धनांनी केले.

आजच्या गच्चीवरील खताची टोपली पाहुण्यांना अभिमानाने दाखविली जाते. ती रोज ढवळणारी मोलकरीण त्या वेळी बहुधा आत भांडी घाशीत असते. अशा घरात उकिरडा परतला. त्याचा धनी काही परतला नाही. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा उगमापाशीच वेगळा ठेवण्यास सांगितले. तो कोणाच्या हातांनी वेगळा व्हावा, हे कोणताही नियम सांगू शकत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो: कचरा घरीच जिरला तर कचऱ्यावर जगणाऱ्यांनी काय करावे? त्यांची मिळकत कागद, प्लास्टिक आणि धातू यांवर चालते, आणि खरकट्याने माखल्यावर त्यांचेच मोल उतरते. तेव्हा हा आक्षेप फारसा टिकत नाही. दुसरा अधिक खरा आहे. चाळीतील एका खोलीत सहा माणसे राहतात, त्यांना टोपली कोठे ठेवा म्हणून सांगावे? तेथे हे कर्तव्य नगरपालिकेचेच ठरते, आणि गच्चीवाल्याने त्या खोलीकडे बोट दाखवून स्वतःची सुटका करून घेणे अप्रामाणिकपणाचे होय.

शिवाय खत झाले तरी प्रश्न मिटत नाही. कुटुंबाच्या वर्षभराच्या ओल्या कचऱ्याचे खत तुळशीला आणि दोन-चार कुंड्यांना पुरून उरते. भाजी ज्या मातीतून आली ती कोठे तरी जुन्नरकडे असते, आणि तिकडे परतणारा टेम्पो बहुधा रिकामाच जातो.