आधी वासराचा वाटा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गुरुचरित्राचा बाविसावा अध्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा. गाणगापुरात गरीब ब्राह्मणाच्या दारी श्रीगुरू भिक्षेला उभे राहतात आणि वांझ म्हैस दूध देते. हा अध्याय मी वर्षानुवर्षे वाचला. पण माझ्या लक्षात राहिले ते फक्त दूध.

एका दत्तजयंतीला, पारायण-समाप्तीच्या आदल्या दिवशी पहाटे आमची गाय व्याली. तीन गुरांचा लहानसा गोठा. वार पडेपर्यंत वासराला पाजू नये, असे आमच्याकडे म्हणत. मी वासरू दूर बांधले, आंघोळ केली आणि पोथीला बसलो. गाय हंबरत होती. मी आवाज चढवून वाचत होतो. दुपारी वार पडली. तेव्हा चीक काढला, पण चरवीत! उद्या पाहुणे येणार, खरवस नको का? वासराच्या वाट्याला उरलासुरला.

दुसऱ्या दिवशी वासरू उठेना. डॉक्टर म्हणाले, "काका, रोगाशी लढायची ताकद वासराला चिकातूनच मिळते. पहिल्या तास-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. वासरू पंचवीस किलोचं, तर पहिल्या दिवसात अडीच लिटर तरी. दिवस उलटल्यावर कितीही पाजा, ती ताकद रक्तात उतरत नाही. आणि वासरानं सड ओढले की वार पडायला मदतच होते."

त्या रात्री वासरू गेले. ओसरीवर पंगतीत खरवसाची वाखाणणी चालली होती.

मग विचार केला. व्याल्यापासून दहा दिवसांच्या आतले गाईचे दूध धर्मशास्त्राने वर्ज्य सांगितले आहे. आपण त्याला विटाळ म्हणतो. मला वाटते, ते दिवस वासराचे आहेत. देवाने आपला नैवेद्य दहा दिवस मागे ठेवला; माझ्याच्याने एक दिवसही धीर धरवला नाही!

अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये मधमाशी आहे. ती फुलाफुलातून थोडे थोडे घेते, फूल मोडत नाही. तिच्यावरूनच ती माधुकरी. श्रीगुरू दारोदार तशीच भिक्षा घेत, कुणाचे घर न दुखवता. अध्याय दुधाचा होता, तसा घेण्याच्या रीतीचाही होता. ते मला एक वासरू गमावल्यावर कळले.

आता आमच्याकडे गाय व्याली की वासराचे नाकतोंड पुसायचे, नाळेला आयोडीन लावायचे आणि त्याला लगेच कासेला लावायचे. पोथी चालू असली तरी नमस्कार करून उठतो. वासराचे पोट भरून उरले, तरच खरवस.

तुमच्याकडे गोठा नसेलही. पण नैवेद्याचे ताट वाढताना एकदा मनाला विचारा: यात कुणाचा पहिला घास मी उचलला नाही ना? दत्तप्रभूंच्या तसबिरीत मागे गाय उभी असते. ती बोलत नाही, पण बघत असते.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥