हळद वाळायला वेळ लागतो

चि. बाळास,


तुझा फोन आला तेव्हा मी खळ्यावर होते. हळदीची काहील नुकतीच उतरवली होती, हात पिवळे, फोन कानाशी धरला तर पदरही पिवळा झाला. "आजी, सोमवारी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतोय, आठ दिवसांत बरा होऊन येतो," असं तू म्हणालास. पहिलं अर्धं वाक्य ऐकून डोळे भरले आणि दुसरं ऐकून छातीत धस्स झालं. तू आपण होऊन जातोयस, कुणी फरपटत नेत नाही, यातच तुझं सगळं शहाणपण आलं. त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती त्या "आठ दिवसां"ची.

तुझ्या आजोबांची गोष्ट तुला कुणी पुरती सांगितलेली नाही. ह्यांनी एका अक्षय्य तृतीयेला देवापुढे हात जोडून बाटली परसात फोडली, आणि आम्ही वेडे, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी हात इतके थरथरायला लागले की चहाची बशी धरवेना, रात्री फीट आली, आणि तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरताना दिसायला लागली. ती झटकत ते पहाटेपर्यंत अंथरूण बडवत होते. थोरल्या जाऊबाईंनी बाहेरचं म्हणून लिंबू उतरवलं. (त्यांचाही दोष नाही रे, जे माहीत होतं ते त्यांनी केलं.) दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूला त्या गुंगीची सवय झालेली असते, ती एकाएकी काढून घेतली की मेंदू उधळतो, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून तुला पहिलं सांगणं हेच, की सोमवारच्या आधी "आजपासूनच बंद" असला पराक्रम घरात एकट्याने करू नकोस; आणि हात कापायला लागले, घाम फुटला, तर सोमवारची वाट न बघता दवाखाना गाठ.

तिथे गेलास की आधी प्रश्न विचारतील : किती, कधीपासून, शेवटची कधी घेतलीस. खरं सांग. पाहुण्यांपुढे आपण अर्धी सांगतो तसं डॉक्टरांपुढे करू नये, कारण तुझ्या आकड्यावरूनच गोळीचं माप ठरतं. रक्त तपासतील, लिव्हर बघतील, पिशवी उघडून फोन, अत्तर, खोकल्याचं औषधसुद्धा काढून ठेवतील. अपमान मानू नकोस, त्यातल्या काहींत दारूचा अंश असतो. मग बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते फारसं उरलेलं नसतं, आणि मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या, ज्या पाच-सात दिवसांत थोड्या थोड्या कमी करत बंद करतात. रात्री-अपरात्री नाडी बघायला सिस्टर उठवतील. चिडू नकोस, तीही कुणाची तरी लेक आहे आणि तुझ्यासाठी जागी आहे.

शेजारच्या खाटेवर गर्द ओढणारा पोरगा असला तर त्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या त्रासाला ती पोरं टर्की म्हणतात : जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, हाडं मोडल्यासारखं अंग, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवडाभरात ओसरतं. त्याचा मोठा धोका पुढेच असतो : अंगाची सवय मोडलेली असते, आणि बाहेर पडून त्याने जुन्या मापाने घेतली तर तेवढ्यानेच जीव जातो. त्याला पाणी दे, पांघरूण दे, आणि तोही घाईत असला तर त्यालाही थोपव.

आता माझी चूक ऐक. त्या खेपेला दवाखान्यात थरथर थांबली, ह्यांनी दोन घास वरणभात खाल्ला, आणि मी आठव्या दिवशी त्यांना घरी आणलं. पिकलेलं शेत टाकून किती दिवस बसायचं, असं माझंच तोंड म्हणालं. बैलपोळ्याला पुन्हा बाटली घरात. हळद शिजवायला एखादी सकाळ पुरते, बाळा, पण ती वाळायला दहा-पंधरा दिवस ऊन खावं लागतं. वरून कडक दिसली म्हणून घाईने पोत्यात भरली की आतल्या ओलीने बुरशी धरते. मी शिजलेल्या हळदीला वाळलेली समजले, एवढंच.

दुसऱ्या खेपेला आम्ही पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीच्या बळावर. तिथला मुक्काम ३५ दिवसांचा. पहिला आठवडा अंगातली दारू धुऊन काढण्याचा, बाकीचे दिवस मन वाळवण्याचे : पहाटे उठणं, प्रार्थना, योगासनं, आपली खोली आपण झाडणं, गटात बसून बोलणं. जो माणूस घरी पाण्याचा तांब्या हलवत नसे तो तिथे फरशी पुसायला शिकला! आम्हा बायकांनाही बसवून सांगितलं, की हा आजार आहे, आणि तो घरातल्या सगळ्यांना लागतो.

तुझं केंद्र दुसरं असेल, पण नीट पारखून घे : तिथे डॉक्टर असावेत आणि येणाऱ्याला माणसासारखं वागवावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. कुठे जावं हे कळेना झालं तर १४४४६ वर फोन लाव. तो सरकारचा व्यसनमुक्तीचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

परत आलास की झोप नीट लागायला काही आठवडे जातील, गोड खावंसं वाटेल, चिडचिड होईल, हे ठरलेलंच. पहाटे उठायची सवय मोडू नकोस, कारण सकाळ हातची गेली की संध्याकाळ अवघड जाते. पगार काही महिने आईच्या हाती दे, खिशात बसभाड्यापुरते ठेव. ह्यांनी तसेच ठेवले आणि उरलेल्यातून विहिरीवर मोटर बसली. कधी पाय घसरला, तिथले लोक त्याला स्लिप म्हणतात, तर लपवू नकोस. त्याच संध्याकाळी सांग आणि परत जा. जन्मभर पिणार नाही अशी शपथ मला नको. आजचा दिवस नाही घेणार, एवढंच रोज म्हणायचं. हे असेच रोज म्हणत गेले, शेवटच्या सकाळपर्यंत.

गुढीपाडवा जवळ आलाय, आणि तू तोवर घरी यायची धडपड करशील हे मी ओळखून आहे. करू नकोस. तुझ्या वाटणीची कडुलिंबाची चटणी मी वाटीत झाकून ठेवीन, गूळ जरा जास्त घालून. तू येशील तेव्हा खा.

तुझी,
आजी