यात्रेतला मतदार

2024 च्या लोकसभा निवडणुकीत नंदुरबारचं मतदान 13 मेला होतं. त्याआधी 10 मेला नंदुरबारला पंतप्रधानांची सभा झाली, दुसऱ्या दिवशी प्रियांका गांधींची. ते 10 मे म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खानदेशकरांची आखाजी. नंदुरबार जिल्ह्यातल्याच तळोद्यात कालिकामातेची यात्रा भरते ती याच तिथीला. कॅमेऱ्यांची गर्दी अर्थातच सभेकडे.

सभेचे फोटो खोटे नसतात. पण सभेतला माणूस नेत्याकडे बघत असतो, आणि तसं बघणारे चेहरे नंदुरबारचे असोत की नागपूरचे, फारसे वेगळे दिसत नाहीत. मतदानाआधी लोकांच्या मनात काय चाललंय ते टिपायचं असेल, तर छायाचित्रकाराने त्या दिवशी तळोद्यात असायला हवं. आखाजीला खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचं, साल संपतं आणि नवं ठरतं. पैसे किती, धान्य किती, उचल किती फिटली, त्याच मालकाकडे राहायचं की दुसरा बघायचा, हे सगळं याच दिवसांत बोललं जातं. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात. यात्रेतल्या बैलबाजारात कुणी जोडी घ्यायला आलेला असतो, तर कुणी नाइलाजाने विकायला. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं कुठल्या पाड्यावर परतली आणि कुठल्या घराला अजून कुलूप आहे, हेही डोळे उघडे ठेवले तर दिसतं. ते कुलूप माझ्या मते निवडणुकीचाच फोटो आहे.

आणि सालदाराचा हा सौदा राजकारणाबाहेरचा मुळीच नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोदा पट्ट्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने जो लढा उभारला, तो मजुरीचा आणि आदिवासींच्या हातातून गेलेल्या जमिनींचाच होता.

या भागाला कॅमेरा नवा नाही. 29 सप्टेंबर 2010 ला शेजारच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. सरकारी कॅमेऱ्याला चेहरा हवा होता, ओळख पटवण्यासाठी. वर्तमानपत्रांना दोनच गोष्टी हव्या असतात: काठी गावच्या होळीतला मोरपिसांचा साज, नाहीतर कुपोषित मूल. दोन्ही खरं आहे. पण ज्याला स्वतःचं मत आहे, जो हिशेब करतो, चिडतो, वाट पाहतो, असा आदिवासी नागरिक या छायाचित्रांत शोधावा लागतो. सोमावल, रेवानगर, नर्मदानगर इथे सरदार सरोवराने उठवलेली माणसं राहतात. धरणाने त्यांचं गाव नेलं, तरी निवडणुकीत त्यांनी बोटाला शाई लावून घेतली. त्यांच्या मनात शासनाविषयी काय साठलंय ते एका दुपारच्या भेटीत कळणार नाही. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा 1995 चा ‘अ नर्मदा डायरी’ हा माहितीपट नर्मदेकाठच्या लोकांबद्दल खरं काही सांगू शकला, कारण कॅमेरा तिथे पुन्हा पुन्हा गेला.

एकाच भेटीत काढलेल्या फोटोचं काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. तिथे 1936 साली डोरोथिया लँगने एका स्थलांतरित शेतमजूर बाईचा फोटो काढला. महामंदीतल्या अख्ख्या देशाचं मन त्या एका चेहऱ्यात आहे, असं जग मानत आलं. बाईचं नाव मात्र लँगने विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं 1978 साली. ती स्वतः चेरोकी, म्हणजे तिथली मूळनिवासी होती. आपला फोटो जगभर पोचला, आपल्याला त्यातून काहीच मिळालं नाही, हे तिने बोलून दाखवलं.

तळोद्यात मात्र नुसतं नाव छापूनही भागत नाही. सालदाराने कॅमेऱ्यासमोर सांगितलेलं मत मतदानाआधी छापून आलं, तर त्याचं पुढचं साल धोक्यात येऊ शकतं. म्हणून मत कुणाला, हा प्रश्न छायाचित्रकाराने विचारूच नये. वर्ष कसं गेलं, हे विचारावं. उत्तर त्याच्या बोलीत, त्याच्याच शब्दांत फोटोखाली यावं. नाव द्यायचं की नाही ते त्याने ठरवावं.

नंदुरबारला जवळपास 70 टक्के मतदान झालं. 2014 आणि 2019 ला भाजपने जिंकलेली जागा काँग्रेसने दीड लाखाहून अधिक मतांनी घेतली. निकाल लागताच जो तो म्हणू लागतो की हे आधीच दिसत होतं. फोटोंचीही तशीच निवड होते, निकालाला जुळणारे चेहरे वर येतात आणि बाकीचे पडून राहतात. मला हे अप्रामाणिक वाटतं. मतदान 13 मेला आणि मतमोजणी 4 जूनला, मध्ये तीन आठवडे होते. निवड त्याच काळात व्हायला हवी, कोण जिंकलं हे कुणालाच माहीत नसताना.

आमच्याकडे महाविद्यालयातल्या पोरापोरींच्या हातात आज चांगले कॅमेरे असलेले फोन आहेत, आणि त्यांना पाड्यावरची बोली येते. पुढच्या निवडणुकीआधी त्यांनी हे काम हाती घ्यावं. ज्याचा फोटो काढला, त्याला छापील प्रत घरी नेऊन द्यावी, आणि खाली जे लिहिलंय ते वाचून दाखवावं.